तुम्हाला शाळेत हे शिकवलं नसेल

“मित्रांनो, आज मी तुम्हाला जो इतिहास सांगणार आहे, तो तुम्हाला शाळेत कधीच शिकवला गेलेला नाही.”

इतिहासाचा मराठी पॉडकास्ट साधारण असा सुरू होतो. त्यानंतर नगारा, मग घोड्यांच्या टापा, मग सांगणाऱ्याचं नाव. मी गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्यात इतिहास शिकवतो. म्हणजे रोज सकाळी पुण्या-मुंबईचा कुणीतरी पोरगा माझ्या कानात शिरून, नगारा वाजायच्याही आधी, मला कामचुकार ठरवतो. आणि मधे जाहिराती नकोत म्हणून मी दरमहा पैसे भरून ते ऐकतो.

शिकवलं होतं रे बाबा. चौथीला शिवछत्रपती शिकवले, सातवीला मराठ्यांचं राज्य शिकवलं, आठवीला सत्तावन्नचा उठाव शिकवला. तू तेव्हा मागच्या बाकावर बसून पुढच्याच्या सदऱ्याला कागदाची शेपटी लावत होतास. आता तुझ्या हातात माइक आला आणि माझ्या हातात तोच खडू राहिला, एवढाच आपल्यातला फरक. तुला ऐकणारे लाखभर आहेत. माझे चाळीस, त्यातले सहा तेंदूपत्त्याच्या दिवसांत नसतात आणि मिरची तोडायला आली की आणखी दहा.

तरी मी ऐकतो. सकाळी दाढी करताना ऐकतो, शाळेला जाताना ऐकतो, दीडपट वेगाने ऐकतो, म्हणजे पानिपत अर्ध्या तासात आटोपतं. मनातल्या मनात चुका काढत ऐकणं हे माझं सगळ्यात आवडतं व्यसन आहे आणि खर्रा घोटणाऱ्या सहकाऱ्यांपेक्षा मी स्वतःला या बाबतीत वरचढ समजतो.

तलवारीचंच घ्या. म्यानातून तलवार निघाली की ‘सर्रर्र-खण्ण’ असा आवाज. प्रत्येक पॉडकास्टमध्ये तोच. बाजीप्रभूंची तलवार आणि नजीबखानाची तलवार एकाच दुकानातून घेतल्यासारखी. अहो, म्यान लाकडाचं, वरून चामड्याने मढवलेलं. त्यातून पातं उपसताना एवढा खणखणाट झाला असता तर गनिमी कावा कसा जमला असता? रात्री छापा घालायला निघालेल्या मंडळींनी अर्धा मावळ जागा केला असता.

आमच्याकडे या सगळ्यात आणखी एक रंगत आहे, ती पुण्याच्या श्रोत्याला मिळत नाही. सिरोंचा ते आलापल्ली शंभर किलोमीटर. रस्त्याबद्दल मी लिहिणार नाही. त्यावर लिहून लिहून जिल्ह्यातले दोन पिढ्यांचे पत्रकार म्हातारे झाले. पण बामणी सोडली की मोबाईलच्या काड्या एकेक करून गळतात. मागे एकदा बसमध्ये ऐकत होतो. तारीख १० नोव्हेंबर १६५९, जागा प्रतापगडाचा पायथा, शामियान्यात खानाने मिठीसाठी दोन्ही हात पसरले, आणि नेटवर्क गेलं. जिमलगट्टा गेलं, रेपनपल्ली गेली, खान आपला हात पसरून उभाच. आलापल्लीच्या स्टँडवर काड्या परत आल्या, तेव्हा कुठे त्या बिचाऱ्याचा कोथळा बाहेर निघाला.

तेव्हापासून मी आदल्या रात्रीच सगळं डाउनलोड करून ठेवतो.

आता चांगलं काय ते सांगितलं नाही तर मला खडूस म्हणाल. बीबीसीवर मेल्विन ब्रॅग यांनी १९९८ मध्ये एक कार्यक्रम सुरू केला, ‘इन अवर टाइम’. तीन प्राध्यापक, एक विषय, मधे ब्रॅग. नगारा नाही, घोडा नाही. प्राध्यापक जरा पसरायला लागले की ब्रॅग त्यांना तोडायचे आणि मुद्द्यावर आणायचे. हे ऐकताना मला जो आनंद व्हायचा तो वर्णन करण्यापलीकडचा आहे, कारण प्राध्यापकांना कुणी तोडताना मी आमच्या प्रशिक्षण शिबिरांत कधी पाहिलेलं नाही. टॉम हॉलंड आणि डॉमिनिक सँडब्रुक यांचा ‘द रेस्ट इज हिस्टरी’ही मला आवडतो, कारण ते दोघं एकमेकांची टर उडवतात आणि दोघांनीही पुस्तकं वाचलेली असतात. आपल्याकडे दोन माणसं माइकसमोर बसली की एक बोलतो आणि दुसरा “वॉव”, “बाप रे”, “काय सांगतोस” एवढ्यावर तासभर निभावतो. पगार दोघांना सारखाच असणार.

खरं तर हा दुसरा माणूस फार महत्त्वाचा. आमच्या भागाला ते सांगायला नको. पूल नव्हता तेव्हा वडील मला शिवरात्रीला डोंग्यातून नदीपलीकडे कालेश्वरमच्या जत्रेला न्यायचे, आणि तिथे रात्री बुर्रकथा असायची. मधे कथा सांगणारा, हातात तंबुरा. दोन बाजूंना दोन ढोलकीवाले. त्यातल्या एकाचं काम हसवायचं. दुसऱ्याचं काम राजकारणावर बोलायचं: तेलाचा भाव, सरपंचाची गाडी, जे काही त्या वर्षी गावाला बोचत असेल ते. मुख्य कथेकरी रामायणात असला तरी हा दुसरा त्याला तालुका कचेरीत ओढून आणणार. पुढे वाचलं तेव्हा कळलं, की चाळीसच्या दशकात याच ढोलक्या घेऊन लोक निजामाच्या राज्यात गावोगाव फिरले आणि निजाम सरकारने बुर्रकथेवर बंदी घातली. शेख नाझर यांना याच कलेसाठी १९८६ मध्ये पद्मश्री मिळाली. सरकारला बंदी घालावीशी वाटेल असा एकही पॉडकास्ट माझ्या ऐकण्यात नाही. बंदी घालावीशी मला वाटते, पण माझं कोण ऐकतो.

वडिलांना त्यातला हसवणारा आवडायचा. मला राजकारणवाला. वडील परतताना डोंग्यात त्याची नक्कल करायचे आणि नावाडी पण हसायचा; नाव थोडी हलायची.

या ऐकण्याचा माझ्यावर परिणाम झालाय असं घरच्यांचं म्हणणं आहे. बायको मंथनीची, घरात आमचं तेलुगू-मराठी मिळून जे व्हायचं ते होतं. परवा गॅसच्या एजन्सीतून परत आलो आणि तिने विचारलं, काय झालं? मी खुर्चीत बसलो, चष्मा काढला, म्हणालो, “सकाळचे साडेदहा. एजन्सीबाहेर रांग. कुणालाच कल्पना नव्हती की पुढच्या वीस मिनिटांत असं काही घडणार आहे...”

“एमंडी,” ती म्हणाली, “सिलिंडर मिळालं की नाही तेवढं सांगा.”

अशा श्रोत्यांमध्ये कला कशी जगणार?

पण या सगळ्या ऐकण्याच्या मुळाशी एक गुप्त हेतू आहे. मी वाट पाहत असतो. कुणीतरी, कधीतरी, सिरोंच्याचं नाव घेईल म्हणून. मराठी पॉडकास्टमध्ये इतिहास पुण्याहून निघतो, रायगडावर चढतो, दिल्लीला जातो, पानिपतावर रडतो आणि पुण्याला परत येतो. वाटेत फार तर नागपूर लागतं, तेही भोसल्यांमुळे. प्राणहितेपर्यंत कुणी येत नाही. आणि मी काय म्हणतो, निदान आमच्या बंदराबद्दल तरी बोला!

इथे मला थोडं विषयांतर करू द्या. थोडं म्हणजे माझ्या मानाने थोडं. माझ्या वर्गातली पोरं सांगतील. १८६० साली निजामाने गोदावरीच्या डाव्या काठचे तालुके इंग्रजांना दिले, त्यातून अप्पर गोदावरी नावाचा जिल्हा झाला आणि त्याचं मुख्यालय होतं सिरोंचा. जिल्ह्याचं मुख्यालय! गडचिरोली तेव्हा साधी तहसीलसुद्धा नव्हती. ती झाली १९०५ ला आणि जिल्हा झाली १९८२ ला. आज एका सहीसाठी आम्ही दोनशे किलोमीटर ज्या गावाला जातो, त्या गावाला हे कुणीतरी सांगायला हवं. मी सांगतो. प्रत्येक मीटिंगला सांगतो. आता मीटिंगचं निमंत्रण हेडसरांनाच येतं.

तर बंदर. आर्थर कॉटन नावाचा इंजिनिअर. त्याने धवळेश्वरमला गोदावरीवर बंधारा बांधला, १८५२ ला पुरा केला आणि आंध्रातला तो सगळा त्रिभुज प्रदेश हिरवा झाला. तिकडे अजून त्याचे पुतळे आहेत आणि पुतळ्यांना हार आहेत. त्याच माणसाच्या डोक्यात आलं, की नदीतून नावा वरपर्यंत न्याव्यात. हिंगणघाटचा कापूस वर्धेतून प्राणहितेत, प्राणहितेतून गोदावरीत आणि गोदावरीतून थेट समुद्राला! पुढे १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि विलायतेत सगळ्यांना अचानक आमची नदी आठवली. अडचण एकच: नदीत तीन ठिकाणी खडकांचे अडथळे. खालून वर येताना पहिला दुम्मागुडेमला, दुसरा इथे इंचमपल्लीला, तिसरा वर देवलमरीला. प्रत्येक अडथळ्याला वळसा घालून कालवा काढायचा, कालव्याला दारं बसवायची, नाव पायरी-पायरीने चढवायची. काम सुरू झालं. दगड फुटले, माणसं तापाने आडवी झाली. तोवर १८६७ ला रेल्वे नागपूरला पोचली. कापसाला नाव कशाला हवी? १८७१ ला काम बंद. १८७४ ला जिल्हाही मोडला आणि आम्हाला चांद्याला जोडून टाकलं.

पण क्षणभर समजा, रेल्वेला दहा वर्षं उशीर झाला असता. रेल्वेला उशीर होणं ही काही अशक्य कोटीतली गोष्ट नाही. सिरोंचा बंदर! धक्क्यावर कापसाच्या गाठी, हिंगणघाटचे शेठ, कस्टमचा साहेब, एक अँग्लो-इंडियन क्लब, क्लबात एक मोडका पियानो. पोर्ट ट्रस्टची शाळा असती आणि तिथे मी असतो, पांढऱ्या पँटीत. मुंबईचे लोक विचारत असते, “तुम्ही बंदरावरचे का?” आणि मी नम्रपणे म्हणालो असतो, “हो, पिढ्यान् पिढ्या.” गडचिरोलीवाले सहीसाठी आमच्याकडे आले असते. मी त्यांना बसवून ठेवलं असतं. फार नाही, जेवणाच्या सुट्टीपर्यंत.

तर एका इंग्रजी पॉडकास्टमध्ये कॉटनवर भाग आला. तासभर चालला. राजमहेंद्री आली, मद्रास आलं, मँचेस्टर आलं. मी श्वास रोखून. आणि शेवटी शेवटी निवेदन करणाऱ्या गोऱ्या बाईने घाईघाईत आमच्या गावाचं नाव घेतलं. उच्चार असा केला की ते इटलीतलं वाटावं. मी ते वाक्य मागे नेऊन पुन्हा ऐकलं. पुन्हा ऐकलं. मंथनीला मेव्हण्याला फोन करून ऐकवलं. एरवी संभाजीनगरचा उच्चार चुकला तरी निषेधाची मेल लिहिणारा मी, त्या बाईला सगळं माफ करून बसलो.

बाबूराव शेडमाके यांच्यावरचा भाग मात्र मी पुरा ऐकू शकलो नाही.

नाव होतं, ‘विस्मृतीत गेलेला आदिवासी नायक’. कुणाच्या विस्मृतीत? चंद्रपूरच्या कारागृहाच्या आवारात पिंपळ आहे, दर २१ ऑक्टोबरला तिथे माणसं लोटतात. टपाल खात्याने २००९ मध्ये तिकीट काढलं. माझ्या हजेरीपटावर शेडमाके आहेत, आत्राम आहेत, मडावी आहेत. ही नावं मी रोज मोठ्याने वाचतो आणि त्यांना “हजर” असं उत्तर येतं. निवेदकाला गेल्या आठवड्यात कळलं, म्हणून त्याआधी ते विस्मृतीत होतं. आणि पुन्हा ते वाक्य: तुम्हाला शाळेत शिकवलं नसेल.

सांगत बरा होता, ते नाकारत नाही. मोलमपल्लीच्या जमीनदाराचा मुलगा, वय पंचविशीचं, गोंड आणि रोहिले मिळून उभी केलेली फौज. अडपल्लीच्या व्यंकटरावांची साथ. २९ एप्रिल १८५८ ला प्राणहितेकाठी चिंचगुंडीच्या तारखात्याच्या तळावर हल्ला, गार्टलँड आणि हॉल ठार. तारेचं महत्त्वही त्याने नीट समजावलं: बातमी घोड्याआधी पोचायला लागली होती, म्हणून तारेवरच घाव. मी मान डोलावत होतो. मग सप्टेंबरातली अटक आली आणि मग चांद्याची फाशी. आणि त्या जागी याने दोराचा आवाज घातला. करकर, करकर. त्यावर एक हुंदका देणारं व्हायोलिन. आणि व्हायोलिन विरतं न विरतं तोच त्याच माणसाचा उत्साही स्वर: तुम्हीही शेअर बाजारात गुंतवणूक करता का?

जाहिराती टाळायला मी पैसे भरतो, पण निवेदक स्वतःच वाचतो त्या जाहिरातींना इलाज नाही.

मी कानातून तो बोळा काढून खिशात टाकला. आमच्याकडे जुनी माणसं सांगतात की फास त्या गळ्यावर टिकेना, पुन्हा पुन्हा सुटायचा. ते खरं की खोटं हा माझ्या विषयाचा प्रश्न आहे, पण सांगताना त्यांचा आवाज खाली येतो. वर जात नाही.

आणि त्याच भागात त्याने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंना खलनायिका करून टाकलं. त्या बोलायला लागल्या की मागे नागिणीचं संगीत. कॅप्टन क्रिक्टनच्या दबावाखाली त्यांनी बाबूरावांना पकडून दिलं, हे खरं. बक्षिसादाखल गावं मिळाली, हेही खरं. आठवीचा वर्ग घेताना मला दरवर्षी या ठिकाणी घाम फुटतो, कारण एकाच वर्षात दोन लक्ष्मीबाई येतात. झाशीची जूनमध्ये लढताना पडते आणि अहेरीची सप्टेंबरात इंग्रजांना मदत करते. एकदा एका मुलीने विचारलं, “सर, अहेरीची लक्ष्मीबाई वाईट होती का जी?” माझ्या हातात पस्तीस मिनिटांतली चार उरली होती. मी म्हणालो, तिची जमीनदारी काढून घेऊ असा धाक होता. उठाव सगळीकडे मोडत चालला होता. ज्याच्या बाजूने उभं राहायचं तो हरणार हे तिला दिसत असेल. ती मुलगी म्हणाली, “मग वाईट होती की नाही?” घंटा झाली. ती दप्तर घेऊन उभीच. मी उद्या सांगतो म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी जे सांगितलं त्यात “पण” हा शब्द इतक्यांदा आला की तिने वहीत काहीच उतरवलं नाही. नागिणीचं संगीत असतं तर दोन मिनिटांत काम झालं असतं.

शेवटी मी स्वतःचाच पॉडकास्ट काढला. यात कुणाला नवल वाटलं नाही, याचं मला थोडं वाईट वाटलं. गाद्या ठेवायच्या खोलीत, पंखा बंद करून, मे महिन्यात. पहिला भाग मुद्दाम असा निवडला की आमचा इतिहास याच्या आधीचा आहे असं पुण्यापर्यंत कुणी म्हणू नये: आमच्या तालुक्यातल्या पोचमपल्लीजवळ १९५८ ते १९६१ या काळात सापडलेला डायनासोर, बारापासॉरस टागोराय. किमान सहा प्राण्यांची तीनेकशे हाडं, १९७५ ला नामकरण. लांबी १४ मीटरच्या आसपास. राहतो कोलकात्याला, भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संग्रहालयात. सागवान बाहेर गेलं, बांबू बाहेर गेला, हाडंसुद्धा इथे राहिली नाहीत, असं मी त्यात जरा कळवळून बोललो आहे.

संकलन माझ्या जुन्या विद्यार्थ्याने केलं. तो लग्नाचे व्हिडिओ करतो. त्याच्याकडे दोनच आवाज होते, सनई आणि घोडा. तेव्हा १८ कोटी वर्षांपूर्वीचा आमचा बारापासॉरस गोदावरीच्या खोऱ्यात टापा वाजवत येतो. मी भडकलो. तो शांतपणे म्हणाला, “सर, त्याशिवाय लोक ऐकत नाहीत. तुमच्या वर्गात बघितलं ना आपण.”

पुढचा भाग मेडीगड्डाच्या धरणावर केला. २०१९ ला उद्घाटन झालं, आमच्या तालुक्यातल्या किती जणांची मिरची आणि कापूस त्या फुगवट्याखाली गेला ते इथे प्रत्येक टपरीवर ऐकायला मिळतं, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात त्याचे खांबच खचले. तारीख बघितली तर २१. बाबूरावांच्या फाशीचा दिवस! माझे हात शिवशिवले. “हा निव्वळ योगायोग असू शकतो का?” एवढं एक वाक्य, मग एक सेकंद शांतता, मग नगारा. असू शकतो. निव्वळ योगायोगच आहे. पण ते वाक्य न बोलता माइक बंद करणं हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं संशोधनात्मक कार्य समजावं.

भाग गावात फिरले. व्हॉट्सॲपवर आसरअल्लीपर्यंत गेले. हेडसरांनी अर्धा ऐकला आणि आवाज स्पष्ट असल्याचं सांगितलं. मेव्हण्याने तेलुगूत कर म्हणून धरलंय. शनिवारी टपरीवर अंकिशाचे एक ओळखीचे शेतकरी भेटले. खर्रा घोटता घोटता म्हणाले, “गुरुजी, ऐकलं मी सगळं. चांगलं आहे. पण एक विचारू का?”

मी नम्र चेहरा केला.

“सिरोंचा आलं, पोचमपल्ली आली, आसरअल्लीचं पण नाव घेतलं तुम्ही पाण्याच्या भागात. आमचं अंकिसा कुठं आहे? आम्ही काय नकाशात नाही का जी?”

मी विषय, वेळेची मर्यादा, साधनांची उपलब्धता असं काहीबाही बोलायला लागलो. ते खर्रा घोटत राहिले. आसरअल्लीपेक्षा अंकिसा जुनं, असं त्यांचं म्हणणं, आणि ते इतिहासात नाही याला जबाबदार मी. शेजारच्या बाकावरच्या बामणीच्या माणसानेही आता मान वर केली होती.

पुढचा भाग अंकिशावर आहे. रविवारी जेवायला बोलावलंय, मासे आहेत. तिथे काय घडलं होतं ते जेवण झाल्यावर ठरेल. बामणीवाल्यांनी कोंबडीचं विचारून ठेवलंय.